चाकाचे माप

एका फायलीपासून सुरुवात करतो. हिमालयातील एका डोंगराळ जिल्ह्यात मी नेमणुकीवर असताना एके दिवशी माझ्या टेबलावर तीन-चार पानांची एक फाईल आली. कार्यालयाच्या जिप्सी गाडीला एप्रिल ते जून या तिमाहीत जादा पेट्रोल लागले होते आणि त्याची किंमत चालकाकडून वसूल करावी असा प्रस्ताव होता. लॉगबुकाप्रमाणे गाडी तीन महिन्यांत ५७०० किलोमीटर चालली होती. पूर्वीच्या अनुभवानुसार त्या रस्त्यांवर ती लिटरला दहा किलोमीटर जात असे. म्हणजे ५७० लिटर पेट्रोल पुरावयास हवे होते. लागले होते ६१२. मधले ४२ लिटर कोठे गेले, असा हिशेबनिसाचा प्रश्न होता, आणि शेवटच्या परिच्छेदात त्याचे उत्तरही त्याने सूचकपणे देऊन ठेवले होते. जे पेट्रोल गाडीने खाल्ले नाही ते डब्यात गेले असले पाहिजे.

चालक वयाने माझ्याहून वडील. सारे कार्यालय त्यांना ‘उस्तादजी’ म्हणे, मीही म्हणत असे. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि तीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही काळी नोंद नव्हती. बेचाळीस लिटरांची किंमत ती काय! पण तिच्यापुढे जो शेरा लिहिला जाणार होता, तो घेऊन त्यांना घरी जावे लागले असते. मी त्यांना बोलावून विचारले. ते एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, गाडी तीच आहे, रस्ता तोच आहे, मीही तोच आहे. बदलले आहेत ते फक्त टायर.’’

त्यांचे हे एक वाक्य समजून घेण्यासाठी मला आठवडाभर अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासात हाती आलेले आपणांपुढे ठेवतो. कारण लहान चौचाकी-चालनाच्या गाड्या आता डोंगरात आणि वाळवंटात पुष्कळ दिसतात, आणि त्यांना कारखान्याने दिले त्यापेक्षा निराळ्या मापाचे टायर चढविण्याची हौस, किंवा माझ्यासारखी अडचण, अनेकांना असते.

प्रथम गाडीविषयी. जपानच्या सुझुकी कंपनीने १९७० साली जिम्नी नावाची एक चिमुकली गाडी काढली. तिचे इंजिन अवघे ३५९ घनसेंटिमीटरचे, पण शक्ती चारही चाकांना पुरविणारे. याच घराण्यातली एसजे-४१० ही पुढची गाडी, आणि तिची लांब तळाची आवृत्ती १९८५ साली आपल्याकडे मारुती जिप्सी या नावाने आली. सैन्य, पोलीस, वनखाते, डोंगरातली सरकारी कार्यालये यांनी ती इतकी वापरली की, कित्येक खेड्यांत ‘सरकार आले’ याचा अर्थ ‘जिप्सी आली’ एवढाच होता. सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१८-१९च्या सुमारास थांबले. २०२३ साली त्याच घराण्यातली पाच दारांची जिम्नी भारतात विक्रीस आली. दोन्ही गाड्या हलक्या, दोन्हींचे आस अखंड व मजबूत.

आमच्या जिप्सीच्या टायरांचे मूळ माप २०५/७० आर १५. ते झिजले तेव्हा जिल्ह्याच्या गावात त्या मापाचा टायर मिळेना. मिळत होता तो २१५/७५ आर १५, कारण त्या भागात बोलेरो गाड्या भाड्याने पुष्कळ चालतात आणि त्यांचे माप ते. दुकानदार म्हणाला, एकाच घराण्यातले माप आहे, जरासा मोठा आहे, उलट गाडी उंच होईल. रिमवर टायर बसला, गाडी चालू लागली, आणि प्रश्न सुटला असे आम्ही समजलो.

‘जरासा मोठा’ म्हणजे किती, हे सांगणारे आकडे टायराच्या अंगावरच छापलेले असतात. पण ते वाचण्याची रीत थोडी वाकडी आहे, कारण त्यांत मिलिमीटर, टक्केवारी आणि इंच असे तीन प्रकार एका ओळीत बसविले आहेत. पहिला आकडा टायराची रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा बाजूच्या भिंतीची उंची सांगतो, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. म्हणून ७५ हा आकडा ७० पेक्षा पाचच मोठा दिसतो खरा, परंतु तो ज्याचे टक्के सांगतो ती रुंदीही वाढलेली असते. भिंत दोन्हीकडून वाढते. ‘आर’ म्हणजे रेडियल. १९४६ साली मिशेलिन या फ्रेंच कंपनीने या रचनेचे पेटंट घेतले. तीत आतले धागे चाकाच्या मध्यापासून बाहेर, आऱ्यांसारखे जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठाखाली एक घट्ट पट्टा असतो. शेवटचा आकडा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! जुन्या विलिस जीपचे माप ६·००-१६ असे लिहीत. त्यात सारेच इंच होते आणि भिंतीची उंची रुंदीवरून ओळखून घ्यावयाची असे. मापाच्या पुढे आणखी एक आकडा व अक्षर असते, समजा ९६ एस. ९६ या खुणेचा अर्थ एका टायराने ७१० किलोपर्यंत भार सोसावा, आणि एस म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १८० किलोमीटर. माप बदलताना लोक रुंदी बघतात, नक्षी बघतात, या भाराच्या आकड्याकडे क्वचितच बघतात. वास्तविक तो आधी बघावयास हवा.

आता हिशेब. जुना टायर : २०५ चे ७० टक्के म्हणजे १४३·५ मिलिमीटर भिंत, ती वर एकदा व खाली एकदा, मिळून २८७. पंधरा इंचांचे रिम म्हणजे ३८१. एकूण व्यास ६६८ मिलिमीटर. नवा टायर : २१५ चे ७५ टक्के १६१·२५, दुप्पट ३२२·५, अधिक ३८१, एकूण ७०३·५. व्यासात साडेपस्तीस मिलिमीटरांचा फरक. परीघ काढला तर जुन्या चाकाचा २०९९ मिलिमीटर आणि नव्याचा २२१०. म्हणजे नवे चाक एका फेऱ्यात सुमारे ११ सेंटिमीटर अधिक रस्ता तोडते. शेकडा सव्वापाच.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणारा जुना लोहार आधी चाकाचा घेर मोजून घेई आणि मगच पट्टी कापी. धाव सैल झाली तर ती वाटेत निसटते, घट्ट झाली तर आरे पिळवटतात, हे त्याला ठाऊक असे. त्याच्या दृष्टीने चाक म्हणजे मुख्यतः परीघ. मोटारीचा मालक मात्र टायराकडे बुटासारखे बघतो : तळ दणकट आहे ना, दिसतो बरा ना. मोटारीच्या बाबतीतही लोहाराचीच दृष्टी खरी आहे. इंजिनापासून रस्त्यापर्यंत दंतचक्रांची जी मालिका असते, तिच्यातले शेवटचे चक्र म्हणजे टायर. त्याला दाते नसतात एवढाच भेद. ते बदलले की साऱ्या मालिकेचे गुणोत्तर बदलते.

वेगमापक आणि अंतरमापक या दोन्ही यंत्रांना रस्ता दिसत नाही. ती गिअरच्या पेटीतून निघणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतात आणि प्रत्येक फेऱ्याला कारखान्याने ठरवून दिलेली लांबी लावतात. चाक मोठे झाले तरी त्या बिचाऱ्यांना ती वार्ता कळत नाही. आमची गाडी प्रत्यक्ष १००० किलोमीटर गेली की अंतरमापक ९५० दाखवी. काटा ६० वर असताना खरा वेग ६३ च्या वर असे. आंतरराष्ट्रीय नियमांचे तत्त्व असे की, वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. म्हणून कारखाने काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. मोठा टायर घातला की ही जपून ठेवलेली शिल्लक खर्च होते.

लॉगबुकातल्या ५७०० किलोमीटरांचा अर्थ आता निराळा दिसू लागला. त्यांना १·०५३ ने गुणले की सुमारे ६००० होतात. लिटरला दहाच्या दराने ६०० लिटर पेट्रोल रास्त. बेचाळीसपैकी तीस लिटर रस्त्यावरच खर्च झाले होते. ते अंतर लॉगबुकात उतरले नव्हते एवढेच. उरले बारा. त्यांचा माग लावण्यासाठी मोठ्या टायराचे बाकीचे परिणाम पाहावे लागतात.

मोठे चाक जड असते आणि त्याचे वजन मध्यापासून दूर, कडेला असते. प्रत्येक वेळी थांबून निघताना ते फिरविण्यास अधिक श्रम पडतात, आणि घाटात थांबणे-निघणे सतत चालते. शिवाय चाकाची त्रिज्या वाढली की इंजिनाचा तोच पीळ रस्त्यावर कमी जोराने पोचतो. आमच्या बाबतीत शेकडा पाच कमी. मैदानात हे जाणवतही नाही. परंतु लाहौलमधून स्पितीत उतरताना लागणाऱ्या कुंझुम खिंडीसारख्या साडेचार हजार मीटरांवरच्या जागी हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच राहते, आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. आधीच तृतीयांश गमावलेल्या इंजिनाकडून आणखी पाच टक्के काढून घेतले की चालकाला एक गिअर खाली उतरावेच लागते. ब्रेकचीही तीच कथा : तेवढ्याच दाबाने चाक अडविण्याचा जोर शेकडा पाच कमी होतो. आणि एवढे सारे देऊन उंची किती मिळाली? व्यास साडेतीन सेंटिमीटर वाढला, पण आस चाकाच्या मध्यावर असतो. म्हणून गाडी उचलली गेली ती त्याच्या निम्मी, पावणेदोन सेंटिमीटर. दुकानदार खोटे बोलला नव्हता. गाडी उंच झाली होती, दोन बोटांची नव्हे, एका बोटाची.

येथवरचा भाग पेट्रोलचा आणि प्रतिष्ठेचा. प्राणाशी गाठ घालणारा भाग निराळा आहे, आणि त्यात दोष माझा होता.

टायर घेण्याचा प्रस्ताव आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आला तेव्हा उस्तादजींनी चार टायर मागितले होते. दरपत्रके आली, शिल्लक रक्कम पाहिली, आणि मी शेरा मारला : ‘तूर्त मागील दोन घ्यावेत.’ सायकलीचे मागचे चाक आधी झिजते, असा काहीसा विचार माझ्या मनात असावा. मागे २१५/७५ चे नवे टायर बसले, पुढे २०५/७० चे जुने राहिले. नोव्हेंबरात पहिले बर्फ पडले. एका तपासणीहून परतताना खिंडीच्या अलीकडे उस्तादजींनी लहान दांडी ओढून चारही चाकांना शक्ती दिली. चढ पार झाला. उतारावरच्या एका वळणावर त्यांनी चक्र फिरविले, पुढची चाके वळलेली खिडकीतून मला दिसली, आणि गाडी मात्र सरळ कड्याकडे जात राहिली. रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात तिचे नाक रुतले आणि ती थांबली. ढीग नसता तर हे भाषण झाले नसते.

खाली कोरड्या डांबरावर आल्यावर दुसरा प्रकार. लहान दांडी दोन चाकांच्या खाचेत परत येईना. स्टिअरिंग जड झाले होते, रबराचा जळका वास येत होता. उस्तादजींनी गाडी वीस-पंचवीस फूट मागे घेतली, आत कोठेतरी ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि दांडी सुटली.

हे का घडले, ते पुन्हा बैलगाडीवरून सांगतो. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक चालते, आतले कमी; त्यांच्यात भांडण नाही. मोटारीत चाकांना शक्ती द्यावयाची असल्याने ती एकमेकांशी बांधावी लागतात, आणि मग हे भांडण मिटविण्यासाठी आसाच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी बसवितात. ती डाव्या-उजव्या चाकांना कमी-अधिक फिरू देते. चौचाकी-चालनाच्या गाडीत असा लवाद पुढच्या आसावर एक आणि मागच्यावर एक असतो. परंतु पुढचा आस आणि मागचा आस यांच्यामधले काय? ज्या गाड्या सदासर्वकाळ चारही चाकांनी चालतात त्यांच्यात तिसरी पेटी असते. जिप्सी व जिम्नी यांत ती नाही. दांडी ओढली की पुढचा व मागचा दांडा एकाच लोखंडाचे असल्यासारखे जोडले जातात, आणि दोन्ही आसांनी अगदी सारखेच फेरे घ्यावयाचे, अशी सक्ती होते. चिखलातून, बर्फातून बाहेर पडण्यासाठी हीच सक्ती उपयोगी. एक आस निराधार झाला तरी दुसरा ओढतो.

आता सारखेच फेरे, पण असमान चाके. मागच्या मोठ्या चाकांनी १०० मीटर रस्ता काटला तर तितक्याच फेऱ्यांत पुढची लहान चाके ९५ मीटरच पोचतील. गाडी तर एकच आहे. मग हे पाच मीटर कोणीतरी घसरून भरून काढले पाहिजेत. मागची चाके गाडीला तिच्या वेगापेक्षा पुढे ढकलू पाहतात, पुढची तिला अडवू पाहतात, आणि दोघांच्या मधल्या वेगाने गाडी चालते. बर्फावर घसरणे सोपे असते म्हणून ओढाताण जाणवत नाही. पण सतत घसरणाऱ्या पुढच्या चाकांकडे वळण घेण्यासाठी पकड उरत नाही. टायराची पकड ही एक मर्यादित ठेव आहे. ती अडविण्यात खर्च झाली तर वळण्यासाठी काढता येत नाही. वळणावर गाडी सरळ गेली ती यामुळे. कोरड्या डांबरावर उलट घडते. तेथे रबर सहज घसरत नाही, म्हणून तो फरक दांड्यांत आणि दंतचक्रांत पीळ होऊन साठत जातो. दोरीला पीळ देत राहावे तसे. दांडी अडकली ती त्या पिळाने, आणि मागे येताच तो उलगडला. आणखी काही किलोमीटर तसेच गेलो असतो तर उलगडण्याऐवजी काहीतरी तुटले असते.

चारही टायर सारखे असले तरी कोरड्या रस्त्यावर ही दांडी ओढू नये असे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात आणि थोडा पीळ साठतोच. सारख्या टायरांनी हा पीळ वळणापुरता असतो. असमान टायरांनी तो सरळ रस्त्यावरही अखंड वाढतो.

उरलेले दोन टायर पुढल्या आठवड्यात घेतले गेले. शिल्लक रकमेचा प्रश्न या वेळी कोणी काढला नाही, हे सांगावयास नकोच.

या विषयात आणखी एक फसवी जागा आहे. अंगावर एकच माप छापलेले दोन टायरही तंतोतंत एका परिघाचे असतात असे नाही. दोन कंपन्यांच्या एकाच मापात थोडा भेद असतो. नव्या टायराची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, झिजलेल्याची दोन. म्हणजे व्यासात बारा मिलिमीटरांपर्यंत फरक पडला. रेडियल टायरात आतला पट्टा परीघ बराचसा धरून ठेवतो म्हणून प्रत्यक्ष परिणाम यापेक्षा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून चारही टायर एका कंपनीचे, एकदम घ्यावेत आणि पुढचे मागे, मागचे पुढे असे अधूनमधून फिरवावेत, म्हणजे ते एकत्र म्हातारे होतात. हवाही सारखी ठेवावी. कमी हवेचे चाक बसते आणि कमी अंतर चालते. नव्या गाड्यांत याचे महत्त्व वाढले आहे. जिम्नीत प्रत्येक चाकाचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. एखादे चाक इतरांपेक्षा वेगाने फिरू लागले की ते घसरत आहे असे समजून गाडी आपण होऊन त्याला ब्रेक लावते. एकच चाक लहान असेल तर ते नेहमीच वेगाने फिरणार, आणि गाडीची समजूत चुकणार.

जिम्नीचे मूळ माप १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिलिमीटर. तिला २१५/७५ घातला तर फरक दीड टक्काच. २३५/७५ घातला तर व्यास ७३३·५, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. जो टायर आमच्या जिप्सीला मोठा तो जिम्नीला जवळपास बेताचा. एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला तसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

रुंदीविषयी लोकांत एक गोड समज आहे : रुंद टायर म्हणजे जमिनीला अधिक टेकणारा टायर. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि आत दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो दाबाची हवा आहे असे धरा. हवेला तो भार तोलण्यासाठी ढोबळमानाने १५० चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे आपला पसरलेला पंजा. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो : लांबट पंजा आडवा होतो. टेकण्याची जागा खरोखर वाढवावयाची तर हवा कमी करावी लागते. जैसलमेरकडच्या वाळूत जाणकार चालक हेच करतात. हवा उतरवून हळू जातात, आणि पक्क्या सडकेवर येताच पंपाने पुन्हा भरतात, कारण कमी हवेच्या टायराने वेगात जाणे म्हणजे तो तापवून फाडणे. वरचा थर मऊ पण खाली टणक बूड, अशा चिखलात मात्र अरुंद टायर बरा. तो थर कापून तळाला पोचतो. पातळ, ओल्या बर्फावरही बहुधा तसेच. साखळ्या चढवावयाच्या असतील तर रुंद टायर चाकाच्या खोलगट जागेत साखळीला वावच ठेवत नाही.

तो वावही मोजावा लागतो. अंगणात गाडी सरळ उभी असताना टायर कोठे घासत नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवावे. एक चाक दगडावर चढवून स्प्रिंग दबलेली असताना पुन्हा फिरवावे. आत ब्रेकची रबरी नळी असते, तिला टायर लागत नाही ना हे हाताने चाचपावे. अखंड आसाच्या या हलक्या गाड्यांत मोठे, तोल न साधलेले टायर घातले की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, हाही अनुभव सर्वत्र आहे. तो दोष पुष्कळदा टायराचा नसतो. सांध्यांत आधीच असलेला ढिलेपणा मोठे चाक उघडकीस आणते.

कायद्याचे एका वाक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम असे की, निर्मात्याने ठरविलेल्या ज्या तपशिलांची नोंदणी-प्रमाणपत्रात नोंद असते, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. तेव्हा माप बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी. नक्षीची खोली १·६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मोटारीला चालत नाही, हा नियम वेगळाच, आणि तो कोणत्याही मापाला लागू आहे.

आता फाईल. कागदावरचा गुणाकार हिशेबनिसाला पटला नाही. ‘‘साहेब, हे पुस्तकी झाले,’’ असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे योग्य होते. सुदैवाने आमच्याकडे एक जुना साक्षीदार शिल्लक होता : गाडीच्या पाठीवर टांगलेली स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी नावाची गल्ली आहे. तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू केला. त्या गल्लीचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक टायरवाल्याच्या तोंडी राहिले. तर आमची ही स्टेपनी अजून २०५/७० चीच होती. कार्यालयाच्या आवारात, सपाट जागी, एका पुढच्या चाकावर खडूने खूण केली, तशीच जमिनीवर केली आणि चार शिपायांनी गाडी ढकलली. चाकाचे दहा फेरे झाले त्या जागी दुसरी खूण. टेप लावला, २१ मीटर ४२ सेंटिमीटर. मग तेथेच स्टेपनी बसवून तसेच केले, २० मीटर ३३. दोन्ही मापे गणितापेक्षा थोडी कमी आली, कारण भाराखाली टायर बसतो; पण त्यांच्यातला भेद शेकडा सव्वापाचच्या आसपासच होता. स्टेपनी काढून मूळ चाक परत लावले आणि हिशेबनिसाला शेजारी बसवून उस्तादजींनी सडकेवर गाडी काढली. किलोमीटरचे दगड मोजत गेले. वीस दगड झाले तेव्हा अंतरमापकाने एकोणीस दाखविले होते.

परत आल्यावर हिशेबनिसाने स्वतःच टिपण लिहिले. तीस लिटरांचा हिशेब त्याने परिघावर टाकला. उरलेल्या बारा लिटरांपुढे ‘जड टायर, थंडी व घाटमार्ग यांचा विचार करता ग्राह्य’ असे त्याचे शब्द होते, आणि त्याखाली मी सही केली. वसुलीचा प्रस्ताव नस्तीबद्ध झाला. लॉगबुकाच्या पहिल्या पानावर, आतल्या बाजूस, लाल शाईने एक ओळ लिहिली गेली : ‘नोंदलेले अंतर गुणिले १·०५३.’

उस्तादजींना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे साहेब. मग आता पाचवाही टायर मागवा. वाटेत मागचे चाक पंक्चर झाले तर मला पुन्हा ती जुनी स्टेपनीच लावावी लागेल.’’ त्यांनी मागणीपत्र लिहूनच आणले होते.